वर्दी कुणी द्यायची

"मोहटोल्यात चक्की हाय ना, बाई?"

बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईनं असं विचारलं, तेव्हा मला हसूच आलं. मी म्हटलं, "हाये तर. माहीच चक्की हाये ती."

तिनं माझ्याकडे वळून नीट पाहिलं आणि मांडीवरचं बोचकं एकदम सैल सोडलं. सकाळपासून धरून ठेवलेला श्वास सोडावा तसं. काळीसावळी, हाडापेरानं मजबूत बाई होती. मी माझं नाव पुस्तकला म्हणून सांगितलं, तिनं तिचं नरसुबाई. पाथरवटाची बायको. त्यांची पालं गोंदियाच्या रस्त्याला पडलेली असत आणि पाऊस उघडला की त्यांच्यातले पुरुष गावोगाव फिरत. पाटे-वरवंटे घडवायचे, चक्कीच्या झिजलेल्या दगडांना टाकी लावायची, म्हणजे छन्नीनं खाचा पाडून धार आणायची, हा त्यांचा धंदा.

"मलय्या माझा माणूस," ती म्हणाली. "दसऱ्याच्या आधी निघाला. मोहटोल्याची चक्की करून येतो म्हणाला. पोरीला ताप होता, म्हणून लवकर येतो म्हणाला. आला नाही."

मलय्याला मी ओळखत होते. दरवर्षी यायचा. आमच्या ओट्यावर दगड उतरवून घ्यायचा, डोळ्यांत कपची जाऊ नये म्हणून तोंडावर फडकं बांधायचा आणि दिवसभर टकटक करत बसायचा. बोलायचा फार थोडं. एकदा मला म्हणाला होता, "बाई, तुमचा दगड लई रागीट हाय. माझी छन्नी खातो." जेवताना मात्र दोन हिरव्या मिरच्या जास्तीच्या मागून घ्यायचा.

"चला माह्यासंगं," मी नरसुबाईला म्हटलं. "तो आमची चक्की सोडून पुढं जात नाही. कुठं गेला ते आमच्या घरी माहीत असनच."

मी माहेराहून परतत होते. धाकट्या बहिणीचं बाळंतपण होतं, म्हणून पंधरवडाभर तिकडे राहिले होते. बसमधून उतरलो तेव्हा धानाचा वास सुटला होता. बांध्याबांध्यांत धान लोंबीवर आलं होतं, आणि रानडुकरांच्या भीतीनं शेताशेतात बुजगावणी उभी होती. नरसुबाई माझ्यामागून झपझप चालत होती. मला खरंच वाटत होतं की तासाभरात तिचा नवरा कुठं आहे ते कळेल आणि मी तिला चहा पाजून परतीच्या बसमध्ये बसवून देईन.

सासू छपरीत तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "आत्याबाई, मलय्या येऊन गेला का वो?"

तिनं सुपातून डोकं वर केलं नाही. "नाही. यंदा आलाच नाही."

"कसा नाही आला? ही त्याची बायको हाये. इकडंच येतो म्हणून निघाला होता."

"नाही आला म्हणतो नं मी!" सासू एवढी चिरकली की नरसुबाई दोन पावलं मागे सरली.

मग मी तिला घेऊन गावात फिरले. दुकानात विचारलं, हापशीवरच्या बायांना विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर, "नाही वो, यंदा नाही दिसला." माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येत होतं. दुकानदारानं नरसुबाईकडे पाहिलंही नाही, मलाच विचारलं, "माहेरून एवढ्या लवकर काहून आलीस?" एका घरी तर आम्हाला येताना पाहून बाईनं दार लोटून घेतलं. त्या बाईशी माझं रोजचं बोलणं होतं.

नरसुबाईला सगळं कळत नव्हतं, पण काहीतरी कळत होतं. ती म्हणाली, "बाई, लोक भांडले का त्याच्यासंगं? चोरीचा आळ आला का? तो चोरी नाही करत."

तिला सासूपाशी बसवून मी चक्कीत गेले. माझा नवरा, टिकाराम, कुणाचे तरी गहू दळत होता. मला पाहून त्याच्या तोंडावर जे आलं, ते आनंदाचं नव्हतं. मी काही बोलणार तोच सवयीनं माझा हात पिठाच्या धारेखाली गेला. मी माहेरी गेले तेव्हा आमचं पीठ हात पोळेल एवढं गरम येत होतं आणि भरड पडत होतं. बाया तक्रार करत होत्या. आता धार थंड होती, आणि पीठ मैद्यासारखं बारीक.

"टाकी कोणी लावली?" मी विचारलं.

त्यानं चक्की बंद केली. पट्टा फडफडत थांबला.

"मीच," तो म्हणाला.

"तुमाले छन्नी धरता येत नाही."

मी त्याचा हात धरून त्याला मागच्या सांदवाडीत नेलं. तिथं वांग्याच्या झाडांशी उभा राहून तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला, आणि मग एकदम बोलायला लागला. थांबेचना.

मलय्या आला होता. दोन दिवस राहून त्यानं टाकी लावली होती. तिसऱ्या दिवशी पहाटेच तो नाल्याकडे गेला. वाटेत डोमाजी लांजेवारचं शेत लागतं. डोमाजीनं डुकरांसाठी विजेच्या खांबावर आकडा टाकून बांधावर उघडी तार ओढली होती. आसपासच्या गावांत पुष्कळ जण ओढत, फक्त रोज पहाटे काढून घेत. त्या दिवशी काढायची राहिली. मलय्याचा पाय तारेला लागला.

"डोमाजी रडत घरी आला," टिकाराम म्हणाला. "त्याले काही सुचेना. आमी पाटलाकडं गेलो. पाटील म्हणे, फिरस्ता माणूस हाये, तो इथं आल्ता हे कोणाले माहीत? नाल्याच्या पल्याड पुरून टाका. गावालेबी तसंच सांगतलं त्यानं."

"कोणी पुरलं?"

तो माझ्याकडे पाहीना.

"अजी, कोणी पुरलं?"

"डोमाजी एकटा कसा उचलन?" तो म्हणाला.

डोमाजी आणि टिकाराम जोडीनं वाढलेले. माझा सासरा पुरात आजारी पडला तेव्हा छातीभर पाण्यातून त्याची खाट डोक्यावर घेऊन निघालेल्यांत डोमाजी पुढं होता. माणूस वाईट नव्हता. हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते.

आम्ही तिथंच उभे असताना डोमाजी आला. सोबत श्रावण पाटील, गावचा पोलीस पाटील. नरसुबाई गावात आल्याची खबर त्यांना लागली होती. सासूनं त्यांना बाहेरूनच सांदवाडीकडे पाठवलं असणार.

पाटील हळूच बोलला, पण बोलण्यात जरब होती. "पुस्तकला, त्या बाईले बसमध्ये बसवून दे. तो पुढच्या गावाले गेला म्हणून सांग."

"आणि तिनं तिथं विचारलं तं?"

"तिथले लोक पाहतीन."

"मंग ते म्हणतीन नाही आला. मंग ती त्याच्या पुढच्या गावाले जाईन. तिथून आणखी पुढं. जिथं जाईन तिथं तिले वाटन, या गावात नसन तं पुढच्या गावात असन. कुठवर फिरवता तिले?"

"मेलेला माणूस परत येते काय?" पाटील म्हणाला. "आता बोलून काय भेटन? डोमाजी जाईन आतमध्ये, तुहा नवरा जाईन. दोन घरं बसतीन. आणि तुले काय पडली? तू गावात नव्हतीस. काही पाह्यलं नाहीस. तुह्यावर कायद्याचं काही बंधन नाही."

"मंग कोणावर हाये?"

"वर्दी देणं माहं काम हाये. सरकारनं मले नेमलं हाये. मी पाहून घेईन."

"मंग जा नं," मी म्हटलं. "तुमचं काम हाये तं करा. सडकेवर बस उभी हाये. तुमी चढा, मी घरात जातो."

पाटील जागचा हलला नाही. डोमाजी मात्र एकदम खाली बसला आणि त्यानं माझे पाय धरले. "वयनी, तुळशीच्या लग्नानंतर माह्या पोरीचं लग्न हाये वो. मी त्याले मारलं नाही. देवाशप्पथ मारलं नाही."

"मारलं नाही, माहीत हाये मले. मारलं नाही तं पुरलं काहून? त्याच पहाटे ठाण्यात गेला असता, तं मी आज तुमच्या बाजूनं उभी राह्यली असती."

मी पाय सोडवून घेतले. टिकाराम मागून म्हणाला, "पुस्तकला, मी बी हावो त्यात." ओरडला नाही, धमकावलं नाही. नुसतं सांगितलं. मी ते ऐकलं आणि छपरीकडे चालू लागले.

छपरीत नरसुबाई जेवत होती. सासूनं तिला भात वाढला होता, वर वांग्याची भाजी. खोटं बोलून झाल्यावर दुसरं काय करावं ते म्हातारीला सुचलं नसेल. मी नरसुबाईच्या समोर खाली बसले आणि म्हटलं, "बाई, तुमचा माणूस आमच्या गावात मेला. शेतातल्या तारेचा करंट लागला. लोकायनं लपवलं."

तिचा हात ताटात तसाच राहिला. मग तिनं ताट हळूच पुढं सारलं, तांब्यातलं पाणी घेऊन हात धुतला, पुसला, आणि विचारलं, "कुठं ठेवलं त्याला?"

तेवढंच. रडली नाही. सासूच मागे तोंडात पदर कोंबून हुंदके देत होती.

आम्ही दोघी ठाण्यात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. ठाणेदार वयस्क होता, आवाज मऊ. सगळं ऐकून घेतलं. मग नरसुबाईला पाणी द्यायला सांगून त्यानं मला आतल्या खोलीत नेलं.

"तुम्ही प्रत्यक्ष काही पाहिलं का?"

"नाही."

"मग तुम्हाला कोणी सांगितलं?"

"माह्या नवऱ्यानं."

त्यानं पेन खाली ठेवलं. "ताई, एक सांगतो. अशा गुन्ह्याची खबर सगळ्यांनीच द्यावी असं कलम आहे. पण ज्यानं दिली नाही त्याला आजवर कोणी धरलेलं मी पाहिलं नाही. तुमच्या पाटलाची गोष्ट वेगळी, त्याला मी सोडणार नाही. तुम्हाला मात्र कोणी विचारायला येणार नाही. तेव्हा असं करू, प्रेताची जागा तेवढी सांगा. नवऱ्याचं नाव तुमच्या तोंडून यायलाच पाहिजे असं नाही. तपासात निघालं तर निघालं."

भला माणूस होता. माझ्यासाठी दार उघडं ठेवून उभा होता, आणि मी त्या दारातून सहज निघून जाऊ शकले असते. बाहेर बाकावर नरसुबाई बसली होती. तिच्या मांडीवर बोचकं होतं, आणि ती भिंतीकडे पाहत होती.

"लिहा," मी म्हटलं. "टिकाराम कापगते. दुसरीच्या नवऱ्याचं नाव घ्याले आलो, तं माह्या नवऱ्याचं काहून सोडू?"

दुसऱ्या दिवशी पोलीस आले, तहसीलदार आले, आणि नाल्यापलीकडची माती उकरली. सगळं गाव लांब बांधावर उभं होतं. आदल्या दिवशी ज्याला कोणी पाहिलंच नव्हतं, त्याला पाहायला सगळे आले होते. नरसुबाई खड्ड्याच्या काठाशी गेली, वाकली, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता. कोणी पुढं झालं नाही. माझी सासू मात्र त्या गर्दीतून निघाली, वाकत वाकत गेली आणि तिच्याशेजारी मातीत बसली. तिनं तिला छातीशी धरलं आणि दोघी रडल्या. तासाभरानं त्याच सासूच्या पोराला पोलिसांनी गाडीत बसवलं.

ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही. मरेपर्यंत नाही. तिचं मला वाईट वाटलं, पण तिनं कधी मला चूकही म्हटलं नाही. बाकी गाव म्हणत होतं. नवऱ्याला जेलात घालणारी बाई म्हणून माझी ओळख झाली. डोमाजीच्या पोरीचं लग्न मोडलं, त्याचंही माझ्याच नावावर लिहिलं गेलं. गावानं आमच्याकडे दळण टाकणं बंद केलं. बाया डोक्यावर पोती घेऊन शेजारच्या गावाला जायच्या, आणि आमच्या दारावरूनच जायच्या. मीही रोज सकाळी चक्कीचं दार उघडायची, झाडून काढायची आणि दारात बसायची. दळायला काही असो नसो. जाणारी प्रत्येक बाई माझ्या डोळ्यांसमोरून गेली पाहिजे, एवढंच ठरवलं होतं. पहिल्यांदा त्या हसत जायच्या. मग मान खाली घालून जायला लागल्या. वर्ष उलटल्यावर एका भर उन्हाच्या दिवशी एकजण थांबली आणि काही न बोलता पोतं आत ठेवून गेली. मी ते दळून ठेवलं.

टिकाराम काही महिन्यांनी जामिनावर सुटून आला. एका घरात राहिलो. मी वाढायची, तो जेवायचा. "मीठ दे", "पाणी भरलं का", एवढंच बोलणं, नावानं हाक कधीच नाही. माझ्यावर हात उचलला नाही, शिवी दिली नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं. रात्री तो भिंतीकडे तोंड करून निजायचा, पण झोपत नव्हता, हे मला कळायचं.

तिसऱ्या वर्षी खटला उभा राहिला. जिल्ह्याच्या कोर्टात माझी साक्ष निघाली. आरोपींच्या पिंजऱ्यात डोमाजी, पाटील आणि टिकाराम असे ओळीनं बसले होते. मागच्या बाकावर नरसुबाई, सोबत तिची मुलगी. मी नवऱ्यानं सांगितलेलं सांगायला लागले, तर त्यांच्या वकिलानं हरकत घेतली. नवरा बायकोला जे सांगतो ते कोर्टात चालत नाही म्हणे. न्यायाधीशांनी ते मान्य केलं. मग मी पीठ थंड कसं आलं ते सांगितलं, पाटील काय म्हणाला ते सांगितलं.

उलटतपासणीला वकील उठला. तरुण होता, चलाख होता.

"तुम्ही घटनेच्या वेळी गावात नव्हता?"

"नव्हते."

"डोळ्यांनी काही पाहिलं नाही?"

"नाही."

"पोलिसात जायला तुम्हाला कोणी भाग पाडलं होतं? न गेल्यास शिक्षा होईल असं कोणी सांगितलं होतं?"

"नाही. उलट जाऊ नको म्हणूनच सगळ्यांनी सांगितलं."

"म्हणजे कायद्याची सक्ती नाही, कोणाचा दबाव नाही, आणि तरी तुम्ही सख्ख्या नवऱ्याचं नाव दिलंत." तो न्यायाधीशांकडे वळला आणि मग माझ्याकडे. "खरं सांगा बाई. नवऱ्याशी तुमचं पटत नव्हतं. तुम्हाला त्याच्यापासून सुटायचं होतं. म्हणून हे कुभांड रचलंत. बरोबर?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. तीन वर्षं लोकांनी मला हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला होता, आणि मी उत्तर दिलं नव्हतं, कारण ज्याला द्यायचं होतं त्यानं विचारलंच नव्हतं. टिकाराम समोर पिंजऱ्यात बसला होता.

"नाही साहेब," मी म्हटलं. "सुटायचं असतं तर गप्प बसले असते. गप्प बसले असते तर मला त्याच्या हाताकडे पाहवलं नसतं, त्याच्या ताटात जेवले नसते. नावाला एका घरात राहिलो असतो. मला त्याच्यासोबत संसार करायचा होता. म्हणून सांगितलं."

कोर्टात कोणीतरी खाकरलं. वकिलानं कागद उलटले आणि "आणखी प्रश्न नाहीत" म्हणून बसला.

साक्षीदार संपले, तेव्हा न्यायाधीशांनी आरोपींना एकेक करून विचारलं. काय बोलायचं ते वकिलानं सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. डोमाजी म्हणाला, "खोटं आहे." पाटील म्हणाला, "मला माहीत नाही." टिकारामचा नंबर आला. तो उभा राहिला आणि त्यानं पिंजऱ्याची दांडी धरली.

"खड्डा मी खणला, साहेब," तो म्हणाला. "त्याले माह्या हातानं ठेवलं."

वकील ताडकन उठला. न्यायाधीशांनी त्याला हातानंच खाली बसवलं आणि टिकारामला विचारलं, काय बोलतोस ते कळतं का. टिकाराम म्हणाला, "कळते." मग तो मागच्या बाकाकडे वळला आणि नरसुबाईला म्हणाला, "बाई, त्याच्या तोंडावर मी दुपट्टा टाकला होता. उघड्या तोंडावर माती टाकली नाही. एवढंच केलं मी. बाकी सगळं वाईट केलं."

नरसुबाईनं मान हलवली. माफ केलं असं नाही. ऐकलं, एवढंच.

डोमाजीला सात वर्षांची शिक्षा झाली, टिकारामला दोन. पाटलाची पाटीलकी गेली, आणि त्यालाही थोडी शिक्षा झाली. ज्यांनी "यंदा दिसला नाही" म्हटलं होतं, त्यांच्यातल्या कोणालाही कोणी काही विचारलं नाही. ते जिल्ह्याच्या कोर्टात येऊन निकाल ऐकून घरी गेले.

पोलीस टिकारामला गाडीकडे नेत असताना वकिलानं मला पायऱ्यांवर गाठलं. संतापला होता. "सुटत होता तो!" तो म्हणाला. "पुरावाच नव्हता त्याच्याविरुद्ध. तुमच्यामुळे स्वतः होऊन आत गेला. आज माझ्याबरोबर या पायऱ्या उतरला असता."

"उतरला असता," मी म्हटलं. "पण घरी आला नसता, साहेब. आता येईल."

त्याला कळलं नाही आणि मी समजावत बसले नाही. मला बस गाठायची होती.

आणि टिकाराम आला. शिक्षा संपली त्या दिवशी दुपारी चक्कीच्या दारात उभा राहिला, हातात पिशवी, डोक्यावरचे केस पांढरे झालेले, आणि मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, त्यानं मला नावानं हाक मारली.